सरकीचं जॅकेट

माप घेताना तो उभाच राहत नाही नीट.
टेप खांद्यावर ठेवली की खांदा हलतो,
बोटं माझ्या टेबलाच्या काठावर, ठक्‌ ठकठक्‌ ठक्‌.
"सुमेध, श्वास सोड," म्हणते,
तर म्हणतो, "ताई, सोडला तं बीट चुकते."

कंबर अठ्ठावीस. पँट मागतो चाळीसची.
"ढिली पायजे. अजून ढिली."
आमच्या सावळीत थोरल्याची पँट धाकट्याला यायची,
दोन टिपा मारून, सुतळीनं बांधून;
ढिलं म्हणजे दुसऱ्याचं, हे शाळेत सगळ्यांना कळायचं.
आता तेच ढिलं फोनमध्ये बघून
पोट्टे पैसे मोजून शिवून घेतात.
मी हसते, आणि अर्धा मीटर कापड जास्तीचं सांगते.

जॅकेटला अस्तर हवं होतं. त्याच्याकडे उरले होते साठ रुपये,
माझ्याकडे मागच्या निवडणुकीतलं झेंड्यांचं कापड,
अर्धं यांचं, अर्धं त्यांचं
(बिल दोघांकडेही बाकी).
डावीकडे हे, उजवीकडे ते, आतून जोडून दिलं.
बाहेरून काळं.
"कोनाले दिसते?" म्हणाला.
कोणालाच नाही. फक्त घाम आला
की दोन्ही रंग सुटतात बनियनवर.

नाव त्यानंच घेतलं, एमसी सरकी.
जिनिंगच्या मागं, भिंतीशी, पोट्टे गोल धरतात,
एकजण तोंडानं ढोल काढतो,
आणि रेच्याचा आवाज सुमेधनं फोनमध्ये भरून ठेवलेला,
चर्रक चर्रक धप्‌,
त्याच्यावर हा बोलतो:

*रुई गेली ट्रकात बसून, सरकी राह्यली खाली
नळ आला, तोटी आली, पान्याची नाई पाळी*

पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते.
टाकी कोरडी, म्हणून चढायला भीती नाही.
तिथून सोडलं त्यानं ते.
आठ दिवसांत त्याची आई मला सांगत आली,
"एक लाख लोकायनं पाह्यलं म्हन्तेत वं. कोन हायेत थे?"

मग यवतमाळहून खताच्या कंपनीचा माणूस आला.
जॅकेटच्या पाठीवर कंपनीचं नाव, हिरव्या दोऱ्यानं, वीतभर.
मीच शिवलं. टाक्याचे पैसे रोख मिळाले, खोटं का बोलू.
मे महिन्यात, भर दुपारी, बांधावर उभं करून फोटो काढले त्याचे,
टोपी, गॉगल, काळं जॅकेट,
आणि मागं बायका भुईमूग उपटत होत्या
त्यांना म्हणाले, जरा बाजूला व्हा.
दारव्ह्याच्या स्टँडवर फ्लेक्स लागला.
फ्लेक्समध्ये तो गोरा होता.

आणि मग प्रचाराची गाडी.
मी काज करत होते, तेव्हा आली गल्लीतून,
तोच रेचा, तोच त्याचा आवाज:
*नळ आला, तोटी आली, पान्याची आली पाळी.*

सुई थांबली.
तो "आली" तिथला नव्हता.
तोटीपुढचा उचलून "नाई"वर बसवलेला.
त्याचाच आवाज, त्याच्याच अंगातलं कापड,
कोण्या कॉम्प्युटरवर कापून, किनार जुळवून, इस्त्री करून.
लोकांना नाही कळलं.
वीस वर्षं रफू करते मी,
ठिगळ कितीही झाक चांगलं, सूत आडवं जातंच.

रात्री आला. जॅकेट टेबलावर टाकलं.
"तू म्हटलं होतंस का तसं?"
"नाई."
"पैसे घेतले?"
गप्प. मग, "गान्याचे घेतले. त्या शब्दाचे नाई."

"हे नाव काढून दे पाठीवरचं."
ब्लेडनं एकेक टाका उसवला मी.
दोरा निघाला. भोकं राहिली.
तो बोटानं ती भोकं मोजत बसला,
ओठ हलत होते, जशा मात्रा मोजतो.

"बुजतील?"
"धुतल्यावर थोडी."

तेवढ्यात ती गाडी परत फिरली स्टँडकडून,
भोंगा जवळ आला, तोटीपर्यंत आला,
आणि "आली"च्या अर्धा श्वास आधी
सुमेध खाली मान घालून,
कोणाला ऐकवायचं नाही अशा आवाजात,
म्हणाला,
नाई.

माझा पाय पायट्यावर होता.
मशीनमध्ये कापड नव्हतं.
तरी चालवत राहिले.